उशीर केलात, बसा

१७ जून

तीर्थरूप मामा,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण तुम्ही म्हणाल, इतक्या लांबून कसला साष्टांग घालतोयस.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते मध्येच कापता येत नाही. फाडता येतं, पण ते तुमच्या हातात आहे. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर सापडतील. त्या काढण्यासाठी तरी शेवटपर्यंत वाचाल, अशी आशा आहे. मास्तरकी निवृत्तीनंतर सुटत नाही, असं तुमची लेकच म्हणायची.

आम्ही सुखरूप पोचलो. खोली चौथ्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते आणि तिच्यातून बहुतेक आमची. कारखान्यात रुजू झालो. शहरातल्या सगळ्या इस्पितळांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट इथे धुवायला येतात. त्यांना लागणारी वाफ माझ्याकडे. बॉयलर इथेही तसाच फुरफुरतो, त्याची भाषा मला नव्याने शिकावी लागली नाही. माणसांची लागते आहे. कारखान्यातल्या बाया भराभर बोलतात, तीन शब्दांतले दोन कळतात आणि नेमका तिसरा कामाचा असतो.

आपली फौजदार मजेत आहे. पोरीला तुम्ही ठेवलेलं नाव इथेही चालू आहे. शाळेत घातलं. बाई प्रेमळ आहेत. मैत्रिणी झाल्या. सगळ्यांशी बोलते. पोटभर जेवते. काळजी नसावी.

निघताना तुम्ही म्हणालात, 'पोरीला तरी ठेव.' त्यावर मी जे बोललो ते इथे पुन्हा लिहीत नाही. तिघांचं जायचं ठरलं होतं, कागद तिघांचे आले होते. तिघांतले दोन उरलो. आणखी एक वजा करणं मला जमलं नसतं. तुमचं गणित पक्कं आहे, तुम्हाला कळेल.

मामींना नमस्कार.

तुमचा जावई


२३ ऑगस्ट

तीर्थरूप मामा,

उत्तर आलं नाही. टपाल उशिरा पोचत असेल.

इथे सगळं ठीक. हवा आता गार व्हायला लागली आहे. फौजदारासाठी जाड कोट घेतला, बाह्या लांब झाल्या. मी दुमडून टाके घातले. तुमच्या लेकीने ते टाके बघितले असते तर शेजारणींना बोलावून दाखवले असते.

शाळेतल्या बाईंनी मला बोलावलं होतं. सहज. इथे पालकांना बोलवायची पद्धतच आहे. विचारत होत्या, घरी बोलते का? म्हटलं, बोलते की. बोलते म्हणजे कामापुरतं. पाणी हवं, बूट सापडत नाही, वगैरे. प्रवासाने, हवेने मूल जरा गप्प होतंच. कान, घसा दाखवून घेतला. दोन्ही उत्तम आहेत, असं डॉक्टर म्हणाला.

जेवणाचं म्हणाल तर ताट रिकामं होतं. परवा उशीचा अभ्रा धुवायला काढला, तर आत पावाचे तुकडे निघाले. मुलांचे खेळ. तिला काही बोललो नाही.

हो, त्यांच्या वर्गात काचेच्या भांड्यात एक मासा होता, तो मेला. मुलांनी बाईंबरोबर जाऊन शाळेच्या बागेत पुरला. हे मला बाईंकडून कळलं. फौजदार म्हणे सगळ्यात पुढे उभी होती.

कारखान्यात माझी चौकशी करतात. बायको कुठे? मुलीला कोण बघतं? मी सांगतो, बायको तिकडे घरी आहे, मागाहून येईल. सोपं पडतं. लोक 'अरे वा' म्हणतात आणि कामाला लागतात.

मामींच्या गुडघ्याला आता कसं आहे? तुम्ही कळवणार नाहीच. मामींनी तरी कळवावं.

तुमचा जावई


२१ ऑक्टोबर

तीर्थरूप मामा,

हे पत्र लांब होणार आहे. चष्मा लावून बसा.

आधीची दोन पत्रं जपून ठेवली असतील तर त्यांतला फौजदाराबद्दलचा मजकूर खोडून टाका. ती कुणाशी बोलत नव्हती. शाळेत एक शब्द नाही, माझ्याशी जेमतेम, आणि रोज कमी कमी. आपली ती पोर, जी तुमच्याकडे भाजीवाल्याला उभं करून 'कालचे टोमॅटो दिलेस' म्हणून दम द्यायची, ती. मी तुम्हाला लिहीत नव्हतो, कारण तुम्ही 'बघ, मी सांगत होतो' म्हणाला असतात. आणि ते बरोबरच असतं, ही खरी भीती होती.

आता काय झालं ते सांगतो.

गेल्या आठवड्यात इथला मोठा सण होता. कारखान्याला सुट्टी आहे एवढं मला कळलं होतं. सगळं गावच कडीकुलपात जातं, हे कुणी सांगितलं नाही. सांगितलंही असेल, तो तिसरा शब्द असेल. सकाळी उठलो तर घरात तळाला गेलेलं दूध आणि एक कांदा. फौजदाराला कोट चढवला आणि निघालो. कोपऱ्यावरचं दुकान बंद. पुढचं बंद. म्हटलं, बसने मोठ्या बाजाराकडे जाऊ. बसमध्ये आम्ही दोघंच. तिला पुढची जागा आवडते, मोठ्या काचेजवळची, म्हणून तिथे बसलो. बाजार आला तो सगळा शटर ओढलेला. उतरून काय करायचं, म्हणून बसूनच राहिलो. कुठेतरी काहीतरी उघडं दिसेल. दिसलं नाही. दुकानं संपली, इमारती संपल्या आणि एका मोकळ्या मैदानाजवळ बस थांबली. इंजीन बंद झालं.

ड्रायव्हर बाई होती. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, टोपी मांडीवर काढून ठेवलेली. आरशातून आमच्याकडे बघत म्हणाली, "शेवटचा थांबा."

"परत कधी जाते?" मी विचारलं.

"उद्या. आज ही शेवटची फेरी." मग मागे वळली. "तुम्हाला जायचं कुठे होतं?"

"दुकानात."

"आज?" ती हसायलाच लागली. "अहो, आज दुकानं बंद असतात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं."

"माझ्या पोरीला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

तिने फौजदाराकडे बघितलं, मग बाहेर. पाऊस भुरभुरत होता. "माझा भाऊ मला न्यायला येतोय. आईकडे जेवण आहे. चला."

मी म्हटलं, "नको नको."

मामा, आपल्याकडे पहिल्या 'नको'ला कुणी विचारतं का? पाहुणा दोनदा नको म्हणतो, यजमान तीनदा आग्रह करतो, मग पाहुणा पाट ओढून घेतो. या बाईने माझा पहिलाच नको खरा मानला. "बरं," म्हणाली, पिशवी उचलली आणि दार उघडून उतरायला लागली. माझा चेहरा बघण्यासारखा झाला असेल. आता पाठीमागून 'हो हो' तरी कसं म्हणायचं?

तेवढ्यात फौजदार जागेवरून उठली, पुढे गेली आणि त्या बाईच्या कोटाचं टोक धरून उभी राहिली. बोलली नाही. नुसतं धरलं. बाईने खाली बघितलं, मग माझ्याकडे. "एक मत पडलं," म्हणाली.

भाऊ प्लंबर निघाला. त्याच्या गाडीत मागे पाइप, नळ, पान्हे, सगळा खडखडाट. आम्ही पुढे चेपून बसलो. तो सारखा बोलत होता. मला बहुतेक काही कळलं नाही, पण स्वतःच्या विनोदावर तो इतका हसायचा की मीही हसत राहिलो. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. सणाच्या दिवशी, रिकाम्या हाताने, परक्यांच्या घरी. तुमच्या लेकीने मला उंबऱ्यावरूनच परत फिरवलं असतं.

जिना चढून वर गेलो. दार उघडंच होतं. दोन टेबलं जोडलेली, एक उंच एक बुटकं, आणि मुलांसाठी शेवटी इस्त्रीचा फळा, त्यावर चादर घातलेली. चादर इस्पितळाच्या जातीची, मी लगेच ओळखली. दारात या दोघांची आई. ऐंशीच्या घरातली, कानाने अधू. आम्ही कोण, कुठले, कुणी काही सांगायच्या आत तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली,

"उशीर केलात. बसा, निवतंय."

जणू आम्हालाच बोलावलं होतं आणि आम्हीच वेळ पाळली नाही. मी माफी मागितली, मामा. खरोखर मागितली, उशिराबद्दल.

खुर्च्या पुरल्या नाहीत. प्लंबर रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसला. त्याच्या दोन मुली फौजदाराएवढ्याच, त्यांनी इस्त्रीच्या फळ्यावर सरकून जागा केली. टेबलावर पाव, सूप, भाजलेल्या भाज्यांचं मोठं पातेलं, आणखी काय काय. फौजदाराच्या ताटात वाढलं. ती ताटाकडे बघत बसली. मला ते बघणं माहीत होतं. आता सगळे 'खा गं, खा गं' करणार.

म्हातारीने तसं काही केलं नाही. तिने फौजदाराच्या हातात पळी दिली आणि बोटाने सगळी ताटं दाखवली. वाढ.

फौजदार उठली. प्रत्येकाच्या मागे जाऊन वाढायला लागली, जीभ बाहेर काढून, एक थेंब न सांडता. प्लंबरने दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. तिने पातेल्यात बघितलं, मग अजून न वाढलेल्या दोन ताटांकडे, आणि त्याच्याकडे बघून मान हलवली. नाही. अख्खं टेबल हसलं. मामा, फार महिन्यांनी मी त्या पोरीच्या तोंडावर ती भाजीवाल्यापुढची ऐट बघितली. तिला शेवटी स्वतःचं ताट आठवलं आणि तिने उभ्याउभ्याच खायला सुरुवात केली.

मग म्हातारीने मला विचारलं, "हिची आई कुठे?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. "घरी आहे, तिकडे. येईल मागाहून."

फौजदाराने तोंडातला घास गिळला आणि बोलली. त्यांच्या भाषेत. मी तिच्या तोंडून त्या भाषेतला एकही शब्द तोवर ऐकला नव्हता.

"आई मेली."

आपल्यात माणसासाठी तो शब्द कुणी वापरत नाही. आपण 'गेली' म्हणतो. पण शाळेत माशाच्या वेळी तिने तोच ऐकला होता, आणि तिला तेवढाच येत होता.

सगळ्यांचे हात थांबले. म्हातारीला ऐकू आलं नव्हतं. ती विचारत राहिली, "काय? काय म्हणाली पोर?" ड्रायव्हरबाईने माझ्याकडे बघितलं, प्लंबरने ताटात. मोठ्याने सांगायला कुणी धजेना. तेव्हा फौजदार पळी घेऊनच म्हातारीजवळ गेली, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडली,

"माझी आई मेली!"

मामा, ते कुणीतरी मोठ्याने बोलायला हवं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मार्चपासून आम्ही दोघं त्या शब्दाला वळसे घालत फिरत होतो.

म्हातारीने मान डोलावली. रडली नाही, पोरीला कवटाळलं नाही. "कधी?" तिने मला विचारलं.

"मार्चमध्ये. तापाचं निमित्त झालं."

"आणि तू हिच्यासमोर घरी आहे म्हणून सांगतोस?"

मी म्हटलं, "लोक विचारतात. सोपं पडतं."

"तुला पडतं," म्हातारी म्हणाली. "मग ही तिच्याबद्दल बोलणार कुणाशी?"

ड्रायव्हरबाई हळूच म्हणाली, "आई, पुरे." पण म्हातारीला तेही ऐकू आलं नाही. तिने फौजदाराला शेजारी बसवलं आणि विचारलं, "कशी होती गं तुझी आई?"

फौजदाराने माझ्याकडे बघितलं. तिला सांगायचं होतं आणि तिचे शब्द संपले होते. म्हणून ती आपल्या भाषेत सांगायला लागली आणि मी त्यांच्या भाषेत करून सांगायला लागलो. आई विनोद सांगायच्या आधीच हसायची आणि विनोद राहूनच जायचा. आई वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायची. आईच्या गालाला खळी होती. खळीला त्यांच्यात काय म्हणतात ते मला येईना. मी इकडेतिकडे बघितलं, तर प्लंबरच्या दाढीतून एक खळी डोकावत होती. मी सरळ तिच्यावर बोट ठेवलं. तो बिचारा गाल पुढे करून बसला. प्लंबरच्या गालावर बोट ठेवून मी तुमच्या लेकीबद्दल सांगत होतो, आणि हसतही होतो, आणि डोळ्यांना धार लागली होती. ड्रायव्हरबाईने टेबलावरचा रुमाल माझ्याकडे सरकवला, माझ्याकडे न बघता.

मग पोरीने तुमचा विषय काढला. आजोबा गणिताचे सर आहेत, उदाहरण चुकलं की खडू फेकतात, पण त्यांचा नेम चुकतो. पावाचा तुकडा फेकून दाखवला. तो बरोबर सूपमध्ये पडला. त्या दोन मुलींनाही मग फेकून बघायचं होतं. आजी लसूण सोलताना गाणी म्हणते आणि आजोबा दुसऱ्या खोलीतून 'सूर, सूर' ओरडतात. मला वाटायचं, तिच्या काही लक्षात नाही. तिला सगळं पाठ आहे.

"त्या आजोबांना फोन कर," म्हातारी मला म्हणाली.

"उचलत नाहीत."

"तुझा उचलत नसतील. तिला करू दे."

निघताना त्यांनी डबा भरून दिला. प्लंबरने घरापर्यंत सोडलं. जिना चढताना मी फौजदाराला विचारलं, तू शाळेत का बोलत नाहीस गं?

ती म्हणाली, "बाबा, सगळे आधी आईचंच विचारतात. तू म्हणतोस घरी आहे. मी खरं सांगितलं तर तू खोटा होशील. म्हणून मी काहीच सांगत नाही."

मी जिन्यातच बसलो. ती शेजारी बसली. वरच्या मजल्यावरचा माणूस आला, त्याला जायला वाट दिली, परत बसलो. तेवढ्यात तिने डबा उघडून खाल्लाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी सगळ्यांना खरं सांगितलं. चादरींच्या घडी-विभागातल्या बाया माझ्याभोवती जमल्या. मग एकीने विचारलं, शाळेतून पोरीला कोण आणतं, आणि त्यावर त्यांचं त्यांचंच काहीतरी ठरलं. मंगळवारी आणि गुरुवारी आता मला धावत सुटावं लागत नाही.

रविवारी संध्याकाळी तुमच्याकडे फोन वाजेल. नंबर माझाच दिसेल, पण फोनवर मी नसेन. बाकी तुम्ही काय ते बघा.

तुमचा जावई


४ नोव्हेंबर

तीर्थरूप मामा,

उचललात.

पहिल्यांदा मामींनी उचलला आणि 'अगं बाई' एवढंच म्हणत राहिल्या, हे मला फौजदाराने सांगितलं. मग तुम्ही घेतलात. मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेलो, दार ओढून घेतलं. तरी तिचा आवाज येत होता. तुम्ही तिला पाढे विचारलेत ना? पाच महिन्यांनी नात बोलते, आणि तुम्ही तेराचा पाढा विचारता! आणि ती म्हणतही होती. तेरा साते चुकलं, तुम्ही ओरडलात, आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

नंतर तिने फोन आणून माझ्या कानाला लावला.  मला वाटलं, ठेवाल. तुम्ही विचारलंत, "जेवलास का?"

मी 'हो' म्हटलं. खरं तर भात मागे गॅसवर करपत होता, मला वास येत होता, पण फोन सोडून जायचा धीर झाला नाही. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि ठेवलात. मला तेवढं पुष्कळ झालं.

शाळेत आता बोलते. बाईंचा परवा निरोप होता की जरा कमी बोलली तर बरं होईल.

दर रविवारी वाजेल. मामींना सांगा, गुडघ्याचं त्यांनी स्वतः फौजदाराला सांगावं. ती रोज विचारते आणि मी ठोकून देतो.

तुमचा जावई


११ एप्रिल

तीर्थरूप मामा,

काल फोनवर बोलायचं होतं ते जमलं नाही, म्हणून लिहितो. बोलताना आपण दोघं एकमेकांना वाक्य पुरं करू देत नाही.

तुमच्या लेकीला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. काय करावं ते सुचत नव्हतं. ड्रायव्हरबाई तिच्या आईला घेऊन आली. म्हातारी चार मजले चढली, प्रत्येक मजल्यावर थांबून जिना बांधणाऱ्याला शिव्या देत. आमच्याकडे तीनच ताटल्या. एक जण पातेल्याच्या झाकणात जेवला, तो मी. फौजदाराने सगळ्यांना वाढलं आणि तुमच्या लेकीचा फोटो आणून मध्ये ठेवला, मीठ सरकवून. कुणी रडलं नाही, असं लिहिलं तर तुम्ही लाल शाई काढाल.

त्या दिवशी मनात आलं ते आता ठरवलं आहे. शाळेला मोठी सुट्टी लागते आहे. मी फौजदाराला तुमच्याकडे घेऊन येतो. मला मोजक्या दिवसांची रजा आहे, मी परत येईन. ती सुट्टीभर राहील.

तिचं थोडं सांगून ठेवतो. झोपेत पाय उघडे लागतात, पांघरूण घातलंत तर लाथ बसेल. दुधात साखर नको, पण तुम्ही घालाल हे मला माहीत आहे. अधूनमधून इथल्या भाषेत बोलेल, तुम्हाला कळणार नाही, तिला हसू येईल. रागावू नका. आईचं काही विचारलं तर विषय बदलू नका. मामी रडल्या तरी चालेल. ती मामींना पाणी आणून देईल आणि पुढचं विचारेल.

आता मुख्य गोष्ट. इथल्या बाया मला विचारतात, भीती नाही वाटत? वाटते. तिकडे अंगण आहे, तुम्ही दोघं आहात, आपली भाषा आहे, आणि इथे चौथा मजला आणि वाफेचा वास येणारा बाप. रमली तर? ती निघताना मामी तिला पोटाशी धरून बसल्या तर? मी तोंडाने काही बोलू शकणार नाही. गेल्या वर्षी मी तुमच्या हातातून तिला काढून आणलं, आणि अजूनही मला वाटतं की मी तेव्हा तेच करायला हवं होतं. पण तिच्यावर हक्क कुणाचा, यावर आपण दोघं भांडलो तेव्हा ती दाराआड उभी होती. हे मला तिनेच परवा सांगितलं, सहज, दप्तर भरता भरता.

तिकिटं दोन्ही बाजूंची काढली आहेत. सुट्टी संपताना तुम्ही आणि मामी तिला घेऊन इकडे यावं, महिनाभर राहावं, अशी माझी इच्छा आहे. म्हातारी मामींची वाट बघते आहे. एकीला ऐकू येत नाही, दुसरीला भाषा येत नाही, दोघींचं उत्तम जमेल.

पण तिला तिथेच राहावंसं वाटलं, तर मी भांडणार नाही. आणि तिला इकडे परत यावंसं वाटलं, तर तुम्ही भांडू नका. तिला एकटीला बसवून विचारा, आणि ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका.

तुमच्याकडे आजवर मी काही मागितलं नाही. तुमची लेकही तिने स्वतःच ठरवून माझ्याशी लग्न केलं म्हणून मिळाली. हे एवढं मागतो.

तुमचा जावई